पहिलीचं विरजण

पर्स खांद्यावरून न उतरवताच लेकीनं फ्रिज उघडला, दह्याच्या भांड्यावरची ताटली सरकवली, बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटून म्हणाली, "अगदी तीच चव! मावशी, आईचं विरजण तू अजून चालू ठेवलंयस?" बोलणं एवढंच. बापाला बरं नाही म्हणून ती भेटायला आली होती, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची होती, आणि घरात पाऊल टाकताच आधी फ्रिज उघडायची तिची जुनी खोड होती. त्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. उलट मनापासूनचं कौतुक होतं. मावशी म्हणजे तिच्या बापाची दुसरी बायको, ओट्याशी उभी राहून कॅप्सूलची नवी डबी उघडत होती. तिच्या हातून झाकण सुटलं आणि टणटणत फरशीवरून कपाटाखाली गेलं. "काय गं, दचकलीस?" लेक हसली आणि बापाच्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "बाबा, डॉक्टर म्हणाले ना पोटातले चांगले जंतू सांभाळा म्हणून? आईच सांभाळतेय बघा तुम्हाला अजून!" आतून नवऱ्याचा गोळ्यांनी जड झालेला आवाज आला, "हं." त्या हं-मध्ये हो होतं, की नुसतंच हं होतं? झाकण शोधायला ती गुडघ्यांवर बसली आणि गरजेपेक्षा बराच वेळ बसून राहिली. जाताना लेक म्हणाली, "मला थोडं दे ना डब्यातून. माझ्याकडे मेलं धड लागतच नाही." तिनं दिलं. स्वतःच्या हातानं, चांगला मोठा डाव भरून, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर फडकं बांधून दिलं. तळाशी दोन चमचे उरलं.

आठ वर्षं झाली होती तिला या घरात येऊन. लग्नाला उशीर झालेली बाई आणि बायको गेलेला सुतार, दोघांनाही फार निवडानिवड करायची नव्हती, आणि तरी निघालं ते चांगलंच निघालं. पहिलीचं म्हणून जे काही घरात होतं त्याच्याशी तिनं मोठ्या शहाणपणानं जुळवून घेतलं होतं. पडदे बदलले, पण वर्षभर थांबून. गाद्यांच्या खोळी बदलल्या, त्या फाटल्यावर. भिंतीवरचा फोटो मात्र हलवला नाही. उलट दर आठवड्याला आपणच पुसला, काच ओल्या फडक्यानं आणि चौकट कोरड्या. येणारे-जाणारे म्हणत, बाई मनानं मोठी हो. तिला ते आवडे. फोटोतल्या बाईचा हेवा काय करायचा? ती काही खात नाही, पीत नाही, रागावत नाही, नवऱ्याच्या कुशीवर हात टाकून झोपत नाही. मेलेल्या माणसाशी कसली बरोबरी, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं आणि ते तिला पटलंही होतं. आणि आता कळत होतं, की मेलेली मेलेली नव्हतीच. फ्रिजच्या मधल्या फळीवर ताटलीखाली गार गार जिवंत बसून होती. आणि रोज संध्याकाळी कोमट दूध पाजून तिला वाढवत होती कोण, तर ही, मनानं मोठी!

रफू करणाऱ्या बाईला कापडात दुसऱ्याचा धागा लगेच दिसतो. धुलाईच्या दुकानात काचेशेजारी तिची खुर्ची होती. कुणाचा कोट सिगारेटनं जळलेला, कुणाची शाल कसरीनं खाल्लेली. भोक बुजवायला ती त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढायची, म्हणजे रंगाला रंग मिळतो आणि कुठे शिवलंय ते शिवणाऱ्यालाही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी तिचं कामात लक्ष नव्हतं. एका करड्या कोटाची कोपरं भरायची होती आणि सुई तीन वेळा चुकीच्या घरात गेली. शेवटी तिनं शेजारच्या इस्त्रीवालीला विचारलं, "काय गं, एकाच विरजणाचं दही किती वर्षं चालतं?" इस्त्रीवाली वाफेतून म्हणाली, "लावणारा थकेपर्यंत. ते कुठं मरतंय? कालच्या दह्यातलं आज, आजच्यातलं उद्या. वंश चालतो गं त्याचा. आमच्या सासूबाई गेल्या तरी त्यांचं दही गेलं नाही, तसंच आंबट!" आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसली. एरवी ती पण हसली असती. वंश. तिला स्वतःला मूल नव्हतं, हे तिनं कधी फार मनाला लावून घेतलं नव्हतं, वयच तसं होतं, पण त्या शब्दानं आत काहीतरी टोचलं. म्हणजे पहिलीची एक लेक तिकडे दूरच्या शहरात, आणि बाकीची लाखो-करोडो इथे, नवऱ्याच्या पोटात. आठ वर्षं सवत नांदतेय आतड्यात, आणि वाटी भरून देणारी मीच.

नवऱ्याच्या तळहातात लाकडाची ढलपी घुसली होती. खिडकीच्या चौकटीला रंधा मारताना घुसली, त्यानं दातांनी उपटून काढली आणि विसरला. आठवडा जातोय न जातोय तोच हात कोपरापर्यंत सुजून लाल झाला, अंगात ताप भरला. डॉक्टरांनी हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "सुतारमंडळींची ही मोठी मिजास, ढलपी म्हणजे काही नाहीच." मग जबरदस्त गोळ्या लिहून दिल्या. अँटिबायोटिक. "गल्लीत एक चोर शिरला म्हणून अख्खी गल्ली झोडपणारी औषधं आहेत ही. वाईट जंतू मरतील, त्याबरोबर पोटातले चांगलेही मरतील. जुलाब होऊ शकतात. दही खा, या कॅप्सूल घ्या, यांत जिवंत जंतूच असतात, त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. पण दोन्ही एकदम घेऊ नका, गोळीनंतर दोनेक तास जाऊ द्या. नाहीतर आत पाठवलेले आतल्या आत मारले जायचे. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका." तिनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं. तेव्हा ते नुसतं पथ्यपाणी होतं. आता मात्र प्रत्येक शब्दाला धार आली होती. पोटातले चांगलेही मरतील. बरं, मग मरू देत की! संध्याकाळी घरी येऊन तिनं चपलाही न काढता घड्याळ पाहिलं, पाकिटातून गोळी फोडली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली. तो गिळताना त्याच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, ते ती टक लावून बघत राहिली. गेली एक. आता उतरेल, आता पोचेल, आता सुरू होईल. "केवढी काळजी करतेस गं," नवरा म्हणाला, आणि सुजलेल्या हातानंच तिच्या दंडावर थोपटलं. तिला लाज वाटली. पण पुढची गोळी द्यायला ती मिनिटभरही चुकली नाही.

आत जागा होते आहे, हे तिच्या मनानं घेतलं होतं. बसल्याबसल्या तिला दिसायचं, एक लांबच लांब ओली अंधारी आळी, घराघरांतून पहिलीची माणसं बाहेर पडतायत, ओसरतायत, आणि दारं उघडी पडतायत. त्या रिकाम्या घरांत राहायला कोण जाणार? तो प्रश्न आता तिच्या हातात होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या माणसात पाय ठेवायला मोकळी जमीन मिळत होती, आणि ती काय पुन्हा जुन्याच कुळाला देऊन टाकायची? छे. तिनं ते दोन चमचे विरजण भांड्यासकट ओट्यावर घेतलं. शेजारी दूध तापत ठेवलं. एरवी ती दुधात करंगळी बुडवून पाही, करंगळीला जेमतेम ऊब लागली की विरजण घाली. आज दूध उकळू दिलं, भांड्याच्या काठाला येऊन फसफसलं तरी थांबली, आणि ते तसंच, वाफाळतं, विरजणावर ओतलं. कसला आवाज नाही, काही नाही. पांढऱ्यात पांढरं. तिच्या कपाळाला वाफ लागली, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली उचलून पाहिली तर तळाशी नासकी चोथट कणी आणि वर पातळ पाणी. तिनं ते मोरीत ओतलं, पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि भांडं तारेच्या घासणीनं असं घासलं की हाताची सालं निघाली. मग दुकानातून दह्याचा डबा आणला. वर गाईचं चित्र होतं, गाय हसत होती.

खरं सांगायचं तर त्या दह्याचा तिलाही लळा होता, आणि तेच सगळ्यात जास्त झोंबत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात कधीतरी कामावरून घरी आली, तर ओट्यावर दह्याचं भांडं झाकलेलं. "तुम्ही लावलंत?" तिनं नवलानं विचारलं. "हं," नवरा म्हणाला. त्याचं हं हे असं, कशालाही चालणारं. तिनं चमचाभर तोंडात घातलं आणि उभ्या उभ्या अर्धी वाटी संपवली. घट्ट, गोडसर, जिभेच्या मागच्या बाजूला नुसती आंबटाची चाहूल. परक्या घरातला पहिला महिना. भांडी कुठली कुठे सापडत नव्हती, नळ उलटा फिरायचा, आणि ते दही खाऊन तिला उगाचच वाटलं होतं, आपल्याकडच्यासारखं आहे, निभेल इथं. दही काय, सगळीकडे सारखंच, असं म्हणून तिनं तो विचार झटकला, पण पाय टेकले ते त्या दिवशी. म्हणजे तिला या घरात थारा दिला तो सुद्धा पहिलीनंच! ये बाई, बस, माझं दही खा. हे आठवलं आणि रागानं तिच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. आणि त्याच रागाच्या शेपटाला धरून आणखी एक जुना राग वर आला, आईचा. आई त्याच दिवसांत तिचं घर बघायला आली होती. लग्नाआधी तिनं आईला बजावलं होतं, "इथे काही घेऊन यायचं नाही हं. तुझे ते डबे, पुड्या, गाठोडी. लोक म्हणतील, पोरीला नवऱ्याच्या घरी खायला मिळत नाही. यायचं तर रिकाम्या हातानं ये." आणि आई खरोखरच रिकाम्या हातानं आली. मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरून खुर्चीच्या काठावर बसली, घर छान आहे म्हणाली, दोन दिवस राहिली आणि पिशवी घेऊन गेली. पिशवीतून काहीही निघालं नाही. सांगितलं म्हणून इतकं ऐकायचं? जन्मभर कुणाचं ऐकलं नाहीस, आणि नेमकं हेच ऐकलंस? वरवर तिनं हसून निरोप दिला होता, पण आत ते रुतलं ते रुतलंच. आई जाऊन आता दोन वर्षं झाली होती. भावानं घर विकलं, भांडी मोडीत काढली. आईचं म्हणून तिच्याकडे काहीही नव्हतं. आणि पहिलीचं मात्र सगळं होतं, फोटो होता, लेक होती, चव होती.

"हे आपलं नाही," पहिल्याच चमच्याला नवरा म्हणाला. "दूध बदललंय," ती म्हणाली. त्यानं आणखी एक चमचा खाल्ला, वाटी बाजूला ठेवली. "दुधाचं नाही गं. आपलं वेगळं असतं." आपलं! त्या शब्दात कोण कोण बसलं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं वाटी उचलली, ओट्यावर आदळली आणि कॅप्सूल दिली, बरोबर अंतर सोडून. त्यात कसूर नाही. पण दुपारनंतर त्याचं पोट बिघडलं. आधी गुडगुड, मग खेपा. न्हाणीघरातून भिंतीला धरून तो बाहेर यायचा तेव्हा चेहरा जुन्या फळकुटासारखा दिसायचा, आणि आल्या आल्या पोटावर हात ठेवून पडायचा. पन्नाशी उलटलेला दणकट माणूस, दार खांद्यावर घेऊन जिने चढणारा. तिची घाबरगुंडी उडाली. मी केलं हे. दोन चमचे विरजण होतं त्याला धरून ठेवणारं, ते मी जाळलं. तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "या गोळ्यांनी होतं असं बऱ्याच जणांना. पाणी भरपूर पाजा, मीठ-साखर घालून. कॅप्सूल चालू ठेवा. ताप वाढला किंवा शौचातून रक्त पडलं तर ताबडतोब घेऊन या." "दह्यामुळे..." ती म्हणाली. "दह्यामुळे काय?" "दही बदललं तर?" "बाई, दह्यानं एवढं होत नाही. असलं तर चांगलं, नसलं तर कॅप्सूल आहे." पण तिला ते पटेना. अपराध्याला निर्दोष सोडलं की तो जास्तच घोटाळत राहतो, तसं तिचं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेपा थांबल्या. ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. हाताची सूज उतरून कातडी सुरकुतली होती. नवरा उशीला टेकून बसला आणि म्हणाला, "भूक लागली. आपलं दही आहे का गं थोडं?" आणि मग तिला आवरेना. "नाही! नाही आपलं दही! संपलं ते. मी संपवलं. उकळतं दूध ओतलं त्यावर, मुद्दाम ओतलं!" "आठ वर्षं," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला, "आठ वर्षं मी तिचं विरजण लावतेय, आणि कुणी मला सांगू नये? लेकीला ठाऊक, तुम्हाला ठाऊक, फोटोला सुद्धा ठाऊक असेल! मी आपली वेडी, झाकून ठेवतेय, फडकं बांधतेय. तुमच्या पोटातून सुद्धा ती जायला तयार नाही!"

"कोण ती?"

"कोण म्हणजे? पहिली तुमची!"

नवऱ्यानं चांगला हात कपाळावर ठेवला. त्याला हसू येत होतं की काय कळत नव्हतं. "तिचं विरजण? अगं, तिचं विरजण ती गेली त्याच आठवड्यात गेलं. घरात दही लावायला होतं कोण? निळी बुरशी चढली, मीच फेकून दिलं. मग तू येईपर्यंत मी विकतचंच खाल्लं."

"मग हे?"

"हे तुझ्या आईचं."

ती पलंगाच्या कडेला बसली.

"तुझ्या आई आल्या होत्या ना तेव्हा," तो सावकाश म्हणाला. "तू कामावर गेलीस आणि म्हातारीनं पिशवीतून डबा काढला. फडक्यात गुंडाळलेला. सगळा प्रवास मांडीवर धरून आणला होता, सांडू नये म्हणून. म्हणाल्या, जावईबापू, हिला सांगू नका, चिडेल, काही आणायचं नाही म्हणाली आहे. पण हिला दुसरं दही चालत नाही हो, लहानपणापासूनची खोड आहे. पहिल्यांदा मी लावून जाते, पुढचं तुम्ही बघा. मी दोन-तीन वेळा लावलं, मग तूच लावायला लागलीस. मी म्हटलं, झालं, आता कशाला सांगायचं?"

"आणि लेक?"

"तिनं विचारलं होतं सुट्टीला आली तेव्हा, आईचंच का म्हणून. डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. मी हो म्हटलं. काय करणार?" मग त्यानं विचारलं, "माझ्यावर राग होता का तुझा?"

"तिच्यावर."

"ती काय करणार आता, बिचारी," नवरा म्हणाला. आणि एवढं सगळं होऊनही त्या बिचारीनं तिच्या छातीत बारीक कळ आली, ती आलीच.

ती स्वयंपाकघरात गेली. घासून लख्ख केलेलं भांडं पालथं होतं. तिनं ते उलटं केलं, आत बोट फिरवलं, नखानं काठाखालची खाच कोरून पाहिली. काही नव्हतं. काम मन लावून करायची सवय तिची, तिथे काय राहणार? पिशवी आठवली, काळ्या काठाची. मांडीवर घट्ट धरलेली. रिकामी आहे असं आठ वर्षं समजून ती मनात कुढत राहिली होती, आणि जिच्यावर रुसून होती तिच्या हातचं रोज खात होती. आतून नवऱ्यानं हाक मारली, "गोळीची वेळ झाली गं." पाकिटात अजून गोळ्या होत्या. त्याच्या आत कुठेतरी, एखाद्या वळणावर, आईचं काहीबाही उरलं असलं तर ते मारणारी गोळी आता हिनंच फोडून द्यायची होती. मध्येच सोडू नका, डॉक्टर म्हणाले होते. तिनं पाणी आणलं, गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, जखमेच्या शेजारी. "घ्या," ती म्हणाली. त्यानं गिळली. तिनं त्याच्या पोटावर हात ठेवला. "आता नाही दुखत," तो म्हणाला. तिनं हात काढला नाही. बऱ्याच वेळानं काढला, आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. तो डबा तिला मघाशीच आठवला होता. घट्ट झाकणाचा, वर फडकं बांधलेला. स्वतःच्या हातानं दिलेला.

"मावशी! बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. उतरला ताप. तू नेलेलं विरजण... लावलंस का गं?"

"लावलं ना! काय सांगू तुला. माझ्याकडे आजवर असं लागलंच नव्हतं, सुरीनं कापावं असं. वाटी घेऊन खिडकीत बसले आणि मावशी, मी चक्क रडले. आई समोर बसलीये असं वाटलं."

ते माझ्या आईचं आहे. शब्द अगदी दाताशी आले. माझी आई आहे ती, तुझी नव्हे. तुझ्याकडे सगळं आहे, फोटो आहे, बाप आहे, हे एक तरी माझं मला दे. तिकडे लेक नाक ओढत होती आणि स्वतःलाच हसत होती. लेकीच्या त्या रडण्याचा तिला इतका हेवा वाटला की तिनं ओट्याची कड धरली. आपली आई आपल्यासमोर वाटी घेऊन कधी बसली नाही, आणि हिच्यासमोर बसते, दुसऱ्या कुणाची होऊन बसते. मग आईची ती खुर्चीच्या काठावरची बसण्याची पद्धत आठवली, काहीच आणलं नाही असा चेहरा करून बसलेली.

"ऐकतेयस ना मावशी?"

"ऐकतेय. आमच्याकडचं नासलं गं. माझ्याच हातून." मग ती म्हणाली, "तुझ्या आईच्या विरजणातलं थोडं आणून देशील मला?"

"अगं, त्यात काय विचारायचं? रविवारी येतेच बाबांना बघायला, तेव्हा आणते."

"आणताना डबा मांडीवर धर," ती म्हणाली. "सांडतं."

फोन ठेवून तिनं पालथं घातलेलं भांडं पुसून कोरडं केलं आणि फ्रिजच्या मधल्या फळीवर, होतं त्याच जागी, रिकामंच ठेवून दिलं.